जग संपणार होतं त्या वर्षी

एस्तेरमावशी,

तुम्हाला माती देऊन आज नववा दिवस. मला अजून काहीच वाटत नाही, हे आधी सांगून टाकते. अकोल्याच्या दफनभूमीत मी सगळं रीतसर केलं. मूठभर माती टाकली. तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका गात होत्या, मला शब्द येत नव्हते, म्हणून तोंड मिटून उभी राहिले. परतताना बसमध्ये एका पत्रकाची प्रूफं तपासली आणि दोन चुकाही काढल्या. अमरावतीला घरी आले, जेवले. बाबा म्हणाले, रड थोडी. मी म्हटलं, येत नाही तर काय करू.

तुमच्या जन्माचं, नोकरीचं, निवृत्तीचं सगळं मंडळीच्या कागदावर छापून आलं आहे. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्ही त्या कागदावर कुठेच नाही, एवढंच सांगते. कृषी विद्यापीठाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये मदतनीस होत्या, असं त्यात आहे. पहिल्या दिवशी तुम्ही दार उघडलंत तेव्हा तुमच्या हातात एक पिलू होतं आणि त्याच्या एका डोळ्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, हे त्यात नाही.

मी तुमच्याकडे आले होते ती जुन्या पत्रकांच्या पेटीसाठी. मी पत्रकांवरच वाढले. बाबांचा छोटा छापखाना, घरात खाटेखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे. भोंदूबाबांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्यासाठी. सायकल यायच्या आधी मला अंगठ्याच्या नखाने घडी घालता येत होती. त्या वर्षी मोबाइलवर एक निरोप फिरत होता की अमक्या महिन्यात जग संपणार. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींनी परीक्षेचा अभ्यास सोडून दिला. मी पेटून उठले. मला पत्रक काढायचं होतं की ही भीती नवी नाही, तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात हेच चाललं होतं. कुणीतरी सांगितलं, अकोल्याला एक बाई आहेत, त्यांच्या आज्याची पेटी आहे, मिशनच्या जुन्या पत्रकांनी भरलेली.

आजा तुमचा, याकोब. हिवरखेडचा. चार एकर काळी जमीन, आणि आठवडाभर पाठीवर झोळी घेऊन बाजार-बाजार फिरून धर्माची पत्रकं विकायचा धंदा. पेटीत त्याचीच उरलेली पत्रकं होती. जीर्ण, पिवळी, कडा कुरतडलेली. काहींवर सात डोक्यांच्या श्वापदाचं चित्र. ही चित्रं मूळची त्या जुन्या युरोपातली, लाकडी ठशांवरून उतरलेली, हे मला वाचून माहीत होतं. चर्चमध्ये फूट पडलेली, रोगाची साथ, लढाया, आकाशात धूमकेतू, आणि छापखाना नवाकोरा. मग शिकलेसवरलेले लोक बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले आकडे घेऊन बसायचे, बेरजा-वजाबाक्या करून जगाच्या शेवटाचं वर्ष काढायचे आणि चार पानांत छापून बाजारात विकायचे. वर्ष यायचं, जायचं. मग ते म्हणायचे, एक आकडा चुकला होता. नवं वर्ष, नवं पत्रक.

हे सांगताना मी इतकी हसले की मला ठसका लागला. तुम्ही पाणी दिलंत.

"जो आपलं लिहिलेलं छापून बाजारात घेऊन बसते," तुम्ही म्हणालात, "त्याले मी हासत नाई. तुया धंदा काय हाय, पोरी?"

मी म्हटलं, माझं खरं असतं. तुम्ही म्हणालात, त्यायलेही तसंच वाटे.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते दोन वर्षं चाललं, दर पंधरा दिवसांनी, तुमच्या अंगणात. आता त्याला भांडण म्हणतेय, पण मला दुसऱ्या कुणाशी इतकं बोलता आलेलं नाही.

मला आठवतं, त्या पट्टीवाल्या पिलाचं मी विचारलं तेव्हा तुम्ही जमिनीवर डिंकाने बारीक खडे चिकटवलेला एक पुठ्ठा ठेवला, त्यावर ज्वारीची भरड टाकली आणि पिलू सोडलं. डावा डोळा झाकलेला, उजवा उघडा. पिलू खडे सोडून नेमका दाणा टिपत गेलं. मग तुम्ही पट्टी दुसऱ्या डोळ्यावर लावली. आता तेच पिलू खड्यावरही चोच मारू लागलं. वरून घारीच्या आकाराचा पुठ्ठा फिरवला तर मात्र या डोळ्याने ते चटकन दबकलं. नोकरीत साहेबांसाठी हजारदा केलेलं काम तुम्ही निवृत्तीनंतरही स्वतःसाठी करत होतात. कारण विचारलं तर म्हणायचात, मले अजून पटलं नाई.

अंडं दिव्यासमोर धरून तुम्ही मला दाखवलं होतं. उबवणीच्या शेवटी पिलू मान अशी वळवून बसतं की डावा डोळा अंगाला चिकटतो आणि उजवा कवचाकडे राहतो. कवचातून झिरपणारा उजेड त्याच एका डोळ्याला मिळतो. एका डोळ्याने पाहिलेलं पलीकडच्या बाजूच्या मेंदूकडे जातं, म्हणून मेंदूची एक बाजू दाण्याच्या कामाला लागते आणि दुसरी घारीच्या, आपल्या-परक्याच्या. अंडी पूर्ण अंधारात उबवली तर दाण्याच्या कामातला फरक पुसट होतो. मला हे ऐकून लगेच पत्रक सुचलं. उजेडाचं महत्त्व, शिक्षणाचं महत्त्व, वगैरे. मी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही हात वर केलात.

"पिलाले माणसाची शिकवण नको चिकटवू. पिलू पिलू हाय."

तुम्ही मला गप्प बसवू शकायचात, हे बाबांना कधी खरं वाटलं नाही.

आपण एकत्र काढलेलं पत्रक एकच. अकोल्यात एक शिकवणी वर्ग निघाला होता, मुलांचा उजवा मेंदू जागा करून देतो म्हणणारा. डोळ्याला पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचून दाखवायची आणि आईबाप टाळ्या वाजवायचे. डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, असली चित्रं भिंतीवर. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, साडीचा पदर सारखा केलात आणि चालू कार्यक्रमात मोठ्याने म्हणालात, "पट्टी नाकापाशी उघडी हाय. माया पिलायची पट्टी याच्याहून पक्की रायते." मागच्या रांगेतला एक बाप हसला, मग सगळे. वर्गवाला तुम्हाला आजी म्हणून हात धरून बाहेर नेऊ लागला तर तुम्ही म्हणालात, मी कोणाची आजी नाई, हात सोड. त्या दिवशी बसस्टँडवर आपण भजी खाल्ली. तुम्ही मला समजावून सांगितलंत की मेंदूच्या दोन बाजूंची कामं थोडी वाटलेली असतात हे खरं, पण एक झोपलेली आणि एक जागी असं कोणत्याच जनावरात नसतं. दोन्ही बाजू एकाच जिवासाठी राबतात. मी ते जसंच्या तसं छापलं. तुम्ही वाचून म्हणालात, बरं झालं, एक तरी बिनामसाल्याचं लिहिलं.

डाव्या-उजव्याचं तुमचं एक वेगळंच दुखणं होतं. पेटीतल्या एका चित्रात न्यायाचा दिवस होता. उजवीकडे मेंढरं, डावीकडे बकऱ्या, आणि बकऱ्यांच्या मागे आग. तुम्ही देवाला मानायचात, दर रविवारी जायचात, आणि त्या चित्रावर तुमचं भांडण होतं. बकऱ्या तुमच्या अंगणात होत्या दोन. तुम्ही पाहून ठेवलं होतं की पिल्लू चालताना आईला बहुतेक वेळा आपल्या डाव्या डोळ्यात ठेवतं. मग डावी बाजू वाईट कशी, असा तुमचा प्रश्न. पाळकबाबांना विचारलं तर ते हसले म्हणे. "डावीकडच्या बकऱ्यायचं मले लय वाईट वाटते," तुम्ही म्हणाला होतात. "त्यायनं काय केलं होतं?" मी म्हटलं, मग देव सोडा. तुम्ही म्हणालात, भांडाले कोणी नको का.

आज्याची गोष्ट तुम्ही अशाच एका दुपारी सांगितलीत, हसत हसत, हात पिलांच्या खोक्यात असताना. याकोबच्या हाती असंच एक पत्रक लागलं होतं. त्या जुन्या गणितांचं कुणीतरी केलेलं नवं गणित, मराठीत उतरवलेलं. त्यात वर्ष दिलं होतं. याकोबला पटलं. त्या पावसाळ्यात सगळ्या गावाने पेरलं, त्याने पेरलं नाही. जग संपणार तर पेरून काय करायचं? चार एकर काळी जमीन तणाने भरली. जग संपलं नाही.

ही गोष्ट मी माझ्या पत्रकात टाकली. 'जगाचा शेवट पुन्हा पुढे ढकलला', आठ पानी. तुमच्या परवानगीने नव्हे. परवानगी मागायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी लिहिलं: तेल्हारा तालुक्यातल्या एका गावात एका पत्रकविक्याने असल्याच गणितावर विश्वास ठेवून जमीन पडीक ठेवली. त्याच्या मुलांनी ते वर्ष दुसऱ्यांच्या शेतात सांडलेली कणसं वेचून काढलं. जग संपलं नाही, फक्त त्याच्या घरातलं धान्य संपलं.

कणसं वेचल्याचं तुम्ही सांगितलं नव्हतं. ते मी धरून चालले होते. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. सभेत वाचलं की लोक तिथे हसायचे, टाळ्या द्यायचे. मी तिथे थोडं थांबायला शिकले होते. नाव टाकलं नव्हतं, आणि त्यात आपण फार जबाबदारीने वागलो असं मला वाटत होतं.

पत्रकाच्या पन्नास प्रती घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही चष्मा लावलात. त्या जागी आलात तेव्हा थांबलात, मागे गेलात, पुन्हा वाचलंत. मग चष्मा काढून म्हणालात, पुढच्या छपाईत हा तुकडा काढून टाक. मी विचारलं, यात खोटं काय आहे?

"खोटं म्हणत नाई मी," तुम्ही म्हणालात. "पण अर्धं हाय."

मावशी, एखाद्या पाचवीतल्या मुलीनेही विचारलं असतं, उरलेलं अर्धं काय. मी विचारलं नाही. मी भाषण दिलं. सत्य घरचं असलं म्हणून झाकायचं नसतं. आमच्या बाबांनी स्वतःच्या चुलत्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. आणि उरलेलं अर्धं म्हणजे श्रद्धा असणार, ती छापायला तुमची मंडळी आहे, माझा कागद त्यासाठी नाही. हे वाक्यसुद्धा मला बोलताना आवडलं.

तुम्ही पिलांच्या खोक्यावरचं पोतं सारखं केलंत. बराच वेळ सारखं करत राहिलात. "सवडीनं ये एखाद्या सोमवारी," म्हणालात. "सांगीन." मी चहा न घेता निघाले.

मग पाच सोमवार गेले. पहिल्या सोमवारी मी रागात होते. दुसऱ्या सोमवारी तुम्ही फोन कराल म्हणून थांबले. पुढच्या दोन्हींना कामं होती, खरोखरची. पाचव्या सोमवारी मी मोझरीला होते, तिथे येणाऱ्या लोकांत पत्रकं विकत, तीच आठ पानी. तिथे हिवरखेडहून शमुवेलमामांचा, तुमच्या धाकट्या भावाचा, फोन आला. समोर एक गृहस्थ पत्रक चाळत उभे होते. मी त्यांना सुटे पैसे परत दिले आणि मग गठ्ठा बांधला.

परवा मी हिवरखेडला गेले. मामांनी बोलावलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. घरात चहा झाल्यावर ते म्हणाले, चाल, वावरात जाऊ. हरभरा सोंगून झाला होता, जमीन उघडी होती. मामा पुढे आणि मी मागे, असे आम्ही धुऱ्यावरून चाललो; धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. एका बाभळीजवळ हद्दीचा एक गोटा, म्हणजे दगड, पुरलेला होता. मामा तिथे उभे राहिले. हा आमचा आणि चुलत घराचा धुरा, म्हणाले. आणि मग त्यांनी मला जे सांगितलं, ते तुम्ही सोमवारी सांगणार होतात.

याकोबने तरुणपणी तो गोटा रातोरात उपटून सख्ख्या भावाच्या जमिनीत सहा हात आत पुरला होता. भावाला कळलं, सिद्ध करता आलं नाही. दोन घरांचं बोलणं बंद झालं, बायका एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जात. असं कैक वर्षं चाललं. मग ते पत्रक हाती आलं आणि याकोबला वाटलं की आता दिवस उरले नाहीत. पेरणीच्या दिवसांत सगळं गाव शेतात असताना तो कुदळ घेऊन धुऱ्यावर आला, त्याने भावाला हाक मारली, आणि चारचौघांसमोर गोटा काढून जुन्या जागी नेला. म्हणाला, मी चोरी केली होती. त्या वर्षी याकोबच्या घरी पीक आलं नाही तेव्हा ज्वारी भावाच्या घरून आली, वर्षभर. पोरांनी कणसं वेचली नाहीत. पोरं मोठ्या बापाच्या, म्हणजे त्या भावाच्या, ओसरीवर जेवली.

"अन् जग तर काई संपलं नाई," मामा म्हणाले. "गाव हासे आज्याले. लोकायले वाटे, आता हा गोटा परत सरकवते. त्यानं नाई सरकवला. मरेलोक नाई."

मी विचारलं, मावशींनी हे आधी का नाही सांगितलं. मामा म्हणाले, चोरीची गोष्ट हाय बाई, घरातली. ती कोणाले सांगत नसे. तुलेच सांगीन म्हणे. मग ते म्हणाले की तुम्ही माझी वाट पाहत होतात. दर सोमवारी नाही, पण पाहत होतात. "ती म्हणे, पोट्टी येईन. तिचा राग उतराले वेळ लागते."

मी गोट्याकडे पाहत होते. मला तेव्हाही काही वाटलं नाही. ऊन होतं आणि पायांत ढेकळं टोचत होती. मी मामांना म्हटलं, तो तुकडा मी काढून टाकते. मामा म्हणाले, कावून? लिही. सगळं लिही.

"तिले एकच गोष्ट लागली होती," ते म्हणाले. "तू नाव नाई टाकलं. म्हणे, माया आज्याले नाव होतं. हिनं 'एक पत्रकविक्या' लिहिलं, जसं बेवारस ढोर."

येताना अकोल्यापर्यंत मी खिडकीशी बसून होते. जग संपत नाही, हे मी आठ पानांत सिद्ध केलं आहे, आणि ते बरोबर आहे. तुमच्या आज्याचं गणित चूक होतं. तुम्ही समोर असतात तरी मी हेच म्हटलं असतं. पण त्या चुकीच्या गणितावर तो भावाला हाक मारायला गेला. मी बरोबर होते, माझ्याकडे पुष्कळ सोमवार होते, म्हणून मी कुठेच गेले नाही. यावर काय लिहायचं असतं, मावशी? मला पत्रकं लिहिता येतात. हे कशात बसतं, मला कळत नाही.

तुमच्या पिलांना मामा घेऊन गेले. पेटी मला दिली आहे. मी तिला हात लावलेला नाही.

दुसरी छपाई शनिवारी. काल संध्याकाळी बाबांसमोर बसून मी तो परिच्छेद नव्याने लिहिला. याकोब, राहणार हिवरखेड, असं नाव टाकलं. त्याने पेरलं नाही, हे ठेवलं. धुरा, गोटा, भावाच्या घरची ज्वारी, आणि जग न संपताही गोटा न हलवणं, हे सगळं आलं. आठाची नऊ पानं झाली, म्हणजे घडी बिघडली. बाबा कुरकुरले नाहीत. मग त्यांनी जुनं पान शेजारी ठेवून ताडून पाहिलं आणि विचारलं, 'फक्त त्याच्या घरातलं धान्य संपलं', हे वाक्य कुठे गेलं? सभेत तेच तर चालतं.

मी म्हटलं, काढलं.

त्यांनी विचारलं, का.

मी म्हटलं, बाबा, ते खोटं आहे. आणि मग मला पुढे बोलता येईना.